हात वर केलेल्या माणसाचा फोटो

यंदा देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत पोलिसांनी गर्दीवर ड्रोन उडवला. मला निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी खात्यातल्या कुणाला ना कुणाला माझी आठवण असते. बंदोबस्तावरच्या एका तरुण फौजदाराने मला मंडपात बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला आणि बरोबरच्या शिपायांना म्हणाला, "हे बघा, आपल्या जिल्ह्यातले या कामाचे आजोबा." मग त्याने हातातला पडदा माझ्यापुढे धरला. वरून अख्खी यात्रा दिसत होती, पाळणे, रेवड्यांची दुकानं, दर्शनाची रांग. त्याने ड्रोन जरा खाली आणला तशी माणसं वर बघून हात हलवायला लागली. एका बाईने कडेवरच्या लेकराचा हात धरून त्यालाही टाटा करायला लावला. फौजदाराला हसू आलं. मी मात्र चहा बशीत अर्धा तसाच ठेवून घरी आलो.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे पोलीस फोटोग्राफरचे गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमती पुष्कळ आहेत, एखाद-दुसरी सांगतोही. पण त्या हलणाऱ्या हातांनी मला जे आठवलं त्याची आजही लाज वाटते, आणि लिहायला बसलोच आहे तर ते टाळून पुढे जाता येणार नाही.

आधी काम काय होतं ते सांगतो. महाराष्ट्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. जिल्ह्याला पोलीस फोटोग्राफर एकच, तो मी. भरती झालो साधा शिपाई म्हणून. पण मामाचा स्टुडिओ होता, त्यामुळे बंदुकीपेक्षा कॅमेरा बरा हाताळतो हे कुणीतरी वरच्या कानावर घातलं आणि मला पुण्याला शिकायला पाठवलं. परत आल्यावर बुलढाण्याच्या ऑफिसात बिनखिडकीची एक खोली मिळाली. आधी तिथे जप्तीतल्या सायकली ठेवत. त्या खोलीत लाल दिवा लावून मी रोल धुवायचो. अंगाला औषधांचा असा आंबट वास यायचा की बायको म्हणायची, तुम्ही ड्युटीवरून येता की लोणच्याच्या बरणीतून?

सराईत चोरांचे समोरून आणि बाजूने फोटो काढायचे, छातीवर नावाची पाटी धरायला लावायची, हे रोजचं. बेवारस प्रेतांचेही फोटो काढायचे. त्यात काय कला, असं लोकांना वाटतं. प्रेताचा चेहरा आधी ओल्या कापसाने पुसून घ्यावा लागतो, भांग पाडावा लागतो, कपाळावर टोपीचा वळ असेल तर कुणाची तरी टोपी मागून घालावी लागते. डोळे उघडे नसले तर सख्खी आईही फोटोवरून ओळखेलच असं नाही. नव्या शिपायांना मी शिकवायचो, की माणूस ओळखायचा तर केस, मिशी, पागोटं विसरा. ते एका वस्तऱ्याचं काम आहे. कान पाहा. कान बदलत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की मागून शिपाई माझी नक्कल करायचे. ही कानाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असत. मेहकरच्या बाजारात एक खिसेकापू होता. पाटी धरून त्याचा फोटो झाल्यावर तो अगदी अदबीने म्हणाला, "साहेब, आता पाटी खाली ठिवून एक काढा ना. सोयरिकीचं चालू हाये, पोरीवाले फोटो मांगून राह्यले." काढला मी. त्याचं जमलं. लग्नाला मला आग्रहाचं बोलावणं आलं, पण पाकीट घेऊन जावं की घरी ठेवून जावं हे ठरेना, म्हणून गेलोच नाही.

ही झाली उघड कामं. तिसरं काम साध्या कपड्यातलं. मोर्चा, सभा, उपोषण, यात्रा, जिथे माणसं जमतील तिथे जायचं आणि त्यांचे चेहरे घेऊन यायचे. त्यासाठी मला पोटाशी धरायचा कॅमेरा दिला होता. त्यात वरून डोकावून बघायचं, म्हणजे माणूस मान खाली घालून उभा आहे असंच दिसतं. आमचे साहेब पुण्याकडचे, शिस्तीचे, वाईट म्हणता येणार नाही असे. त्यांचा हुकूम एकच, "कुणाला कळता कामा नये."

कळता कामा नये म्हणे. आमच्या भागात त्या काळी माणसाच्या जन्मात एखादा फोटो निघाला तर निघाला. पुष्कळांचा तोही नाही. कॅमेरा दिसला की घोषणा देणारा माणूस घोषणा अर्धी सोडून सदऱ्याची गुंडी लावायचा, टोपी सरळ करायचा आणि श्वास रोखून उभा राहायचा. मागचे पुढच्यांना कोपरं मारून पुढे यायचे. साहेब फोटो बघून चिडत, "हा मोर्चा आहे की वऱ्हाड?" मग मला विचारणारेही असायचे, "कोन्या पेपरचे हो भाऊ तुमी?" मी नुसता हसायचो. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला पटवलं होतं. माणसं आपला चेहरा माझ्याकडे विश्वासाने देत होती आणि मी तो घेऊन ऑफिसात जात होतो, हे तेव्हाही मला कळत नव्हतं असं नाही.

आता ते प्रकरण. बीबीकडचं एक गाव, नाव लिहीत नाही. माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं गाव, वांगी, मिरची, टमाटे पिकवणारं. जालन्याकडे जाणारी सकाळची एसटी तिथे थांबेना, थांबली तर टपावर भाजीच्या टोपल्या, आमच्याकडच्या डालग्या, चढवू देईनात. माल दुपारपर्यंत सुकून जायचा. शेवटी लोकांनी भरल्या डालग्या आणून रस्त्यावर ओळीने मांडल्या आणि स्वतः मागे उभे राहिले. मी तिथल्या पुलाच्या कठड्यावर चढलो. वातावरण अगदी घरगुती होतं. पुढारी पलीकडच्या टोकाला भाषण करत होते, आणि इकडचे लोक त्यांना सोडून माझ्याकडे बघत होते.

पुढच्या रांगेत एक मिशाळ, पागोटंवाला माणूस आपल्या म्हाताऱ्या बापाला धरून उभा होता. नाव तुळशीराम, पण ते मला नंतर कळलं. बापाला डोळ्यांनी कमी दिसायचं. मागे माणसं उभी राहिल्याने चेहऱ्यांवर चेहरे चढत होते. इथे माझ्यातला पोलीस बाजूला राहिला आणि मामाच्या स्टुडिओतला भाचा जागा झाला. मी त्याला म्हणालो, "भाऊ, मागच्यांना जरा खाली बसवा. सगळे येतील."

त्याला त्या जबाबदारीचा केवढा आनंद झाला. एक हात बापाच्या खांद्यावर तसाच ठेवून त्याने दुसरा उंच वर केला आणि मान मागे वळवून ओरडला, "खाली बसा बे, फोटो काढून राह्यले!" मग बापाला म्हणाला, "बाबा, समोर पाहा." म्हाताऱ्याने आवाजाच्या रोखाने, लेकाकडेच, मान वर केली. तुळशीरामचं तोंड माझ्याकडे वळलं, हात अजून वरच होता, तोंड ओरडून झाल्यामुळे उघडं होतं, आणि मी बटण दाबलं. माझ्या उभ्या नोकरीत इतका चांगला फोटो दुसरा निघाला नसेल.

त्यानंतर बऱ्याच वेळाने अधिकाऱ्यांची जीप आली, बोलाचाली झाली, कुठून तरी दगड आला आणि एका शिपायाचं कपाळ फुटलं. लाठ्या चालल्या, वांगी तुडवली गेली. मी काढलेल्या पुढच्या फोटोंत पळणाऱ्या पाठी आणि धूळ आली. दगड मारणारा त्या पाठींमध्ये होता की नव्हता, देव जाणे. ज्याने मारला त्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं. बघितलं होतं ते दगड न मारणाऱ्यांनी.

साहेबांनी सगळे फोटो टेबलावर मांडले आणि त्या एकावर बोट ठेवलं. "हा. जमावाला चिथावणी देतोय. हात बघ, तोंड बघ." मी म्हणालो, "साहेब, तो हात मीच वर करायला लावला. मागच्यांना बसवत होता तो." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुला फोटोग्राफर म्हणून ठेवलाय," ते म्हणाले, "वकील म्हणून नाही." शिपायाच्या कपाळाला टाके पडले होते, वरून फोन येत होते, आणि त्यांना माणूस हवा होता. फोटो घेऊन शिपाई गावात गेले. अख्ख्या गावाने फोटो हातात घेऊन निरखला आणि असा माणूस आपल्याकडे नाही म्हणून सांगितलं. त्याच्या शेजाऱ्यानेही सांगितलं. शिपाई हात हलवत परत आले आणि मला बरं वाटलं. चला, बला टळली, असं मी घरी बायकोला म्हणालोही.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी माझ्या खोलीच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याचा चकोट, मिशीही नाही, खांद्यावर पांढरा दुपट्टा. "तुमीच फोटोवाले भाऊ ना?" त्याने विचारलं. "मेहकरच्या स्टुडिओवाल्यानं सांगतलं, ते पोलीस खात्यातले हायेत, बुलढाण्याले भेटतीन. गाड्या बदलत आलो."

काय काम, म्हणून मी विचारलं.

"बाप गेला माया. रस्त्यावर डालग्या मांडल्या व्हत्या ना, तवा तुमी फोटो काढला. त्यात हाये तो. त्याचा दुसरा फोटोच नाही कुठं. परवा तेरवी हाये, म्हनलं पाटावर ठेवाले एक भेटला तं..."

दहाव्याला केलेलं मुंडण होतं ते. मी शिपायांना आयुष्यभर कान दाखवत आलो, आणि समोरच्या माणसाचा कान मी पाहिला नाही. कारण माझ्यापुढे आरोपी उभा नव्हता. माझा फोटो मागायला इतक्या लांबून आलेलं गिऱ्हाईक उभं होतं, आणि खरं सांगायचं तर मी फुशारून गेलो होतो. म्हातारे तर त्या गर्दीत कितीतरी होते. फोटो साहेबांच्या फाइलीत होते, द्यायचा तर त्यांची परवानगी हवी. म्हणून मीच त्याला साहेबांच्या खोलीत घेऊन गेलो.

साहेबांनीही ओळखलं नाही. उलट त्याचं मुंडण बघून ते हळवे झाले, बस म्हणाले, चहा सांगितला. "नोको साहेब," तो म्हणाला, "तेरवी होईस्तोवर बाहेरचं पानीबी घेत नाही." साहेबांनी फाइल उघडली. फोटो पसरले. "यात कुठे आहेत तुझे वडील?"

तुळशीराम वाकला. दोन-तीन फोटो बघून त्याने तो एक नेमका उचलला आणि त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. म्हाताऱ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे बाबा." मग ते बोट जरा वर सरकलं, पागोट्यावर, मिशीवर, वर केलेल्या हातावर. "अन हा मी."

साहेब एकदा फोटोकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पोलीस गावात याच माणसाला शोधत होते. तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक व्हतं ना. पन ते दगड मारनाऱ्याले धुंडत व्हते साहेब," तो म्हणाला. "म्या तं फोटो काढून राह्यलो व्हतो." आणि त्याने माझ्याकडे बघितलं, मी हो म्हणावं म्हणून.

मी हो म्हणालो. साहेबांना पुन्हा सगळं सांगितलं, मोठ्याने सांगितलं, टेबलावर हात आपटून सांगितलं. काही उपयोग झाला नाही. गावाने ज्याला लपवलं तो स्वतःच्या पायाने आला, स्वतःच्या बोटाने स्वतःला दाखवून दिलं, आता सोडला तर वर काय सांगायचं, असं साहेबांचं म्हणणं. त्याला आत घेतलं. बाहेरचं पाणी न घेणारा माणूस कोठडीतल्या माठाजवळ बसून राहिला. जाताना तो साहेबांना एवढंच म्हणाला, "मले ठेवा तं ठेवा. फोटो तं गावाले धाडा."

खटल्याचं काय झालं ते आताच सांगून टाकतो. पुष्कळ महिन्यांनी उभा राहिला. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शपथेवर सांगितलं की हात मी वर करायला लावला होता. न्यायाधीशांनी विचारलं, तो ओरडला काय? मी शब्दाला शब्द सांगितलं. त्यातलं 'बे' लिहून घ्यावं की गाळावं म्हणून कारकून थांबला आणि कोर्टात हशा पिकला. तुळशीराम सुटला. मला खात्याकडून समज मिळाली. लोक म्हणतात, तुम्ही खरं बोललात, मग लाज कसली? पण माझं खरं बोलणं कोर्टापर्यंत पोचायला महिने लागले, आणि तेरवी परवावर होती.

त्या दिवशी संध्याकाळी साहेब माझ्या खोलीत आले. दारातच उभे राहून म्हणाले, "म्हाताऱ्याचा काढून दे एक. पण एकट्याचा. आरोपी त्यात दिसता कामा नये, तो पुरावा आहे." एवढं बोलून ते गेले. त्यांनाही त्या रात्री जेवण गेलं नसावं.

मी निगेटिव्ह लावली आणि म्हाताऱ्याचा चेहरा मोठा केला. पागोटं, सुरकुत्या, किंचित वर उचललेली मान. तुळशीराम कडेला कापला गेला. पण त्याची बोटं राहिली. बापाच्या खांद्यावर, सदऱ्याच्या चुण्यांत रुतलेली चार बोटं. ती घालवायला हवी होती. रिटचिंगची पेन्सिल टोकदार करून बसलो, त्या कामात माझा हात चांगला होता. पण बोटं काढली तर खाली खांदाच उरत नव्हता, सदरा फाटल्यासारखा दिसत होता. तेव्हा तसाच राहू दिला. दयेने राहू दिला असं म्हणालो असतो तर बरं वाटलं असतं, पण फोटो खराब होईल म्हणून राहू दिला.

तेरवीला मी स्वतः तो फोटो घेऊन गेलो. कॅमेरा नेला नव्हता. मांडवाजवळ पोचलो तसं कुणीतरी हळूच काही बोललं, आणि बसलेल्या माणसांनी एकामागून एक दुपट्टे तोंडावर ओढून घेतले. याच माणसांनी पुलापाशी माझ्यासाठी गुंड्या लावल्या होत्या, टोप्या सरळ केल्या होत्या. रागाने कुणी काही बोललं असतं तर मला उभं राहणं सोपं गेलं असतं.

पाटापाशी तुळशीरामच्या जागी त्याचा चुलतभाऊ विधीला बसला होता. तुळशीरामची बायको पुढे आली. मी फोटो तिच्या हातात दिला. ती बराच वेळ सासऱ्याकडे बघत होती. मग तिने खांद्यावर बोट टेकवलं.

"हे बोटं?"

"त्यांचीच," मी म्हणालो. "साहेबांनी काढून टाकायला सांगितलं होतं. राहून गेली."

"राहू द्या," ती म्हणाली. "तेरवीले लेक जवळ पाह्यजे. हाये."

तिने फोटो पाटावर टेकवून ठेवला. चुलतभावाने हार घातला तो नेमका खांद्यावर आला. तिने वाकून हार बाजूला केला, बोटं दिसतील एवढा.

मी निघालो होतो. तिने हाक मारली, "जेवून जा भाऊ. तेरवीच्या घरून कोनी उपाशी जात नाही." आवाजात ना राग होता, ना माया. रीत होती म्हणून ती बोलली, आणि मला नाही म्हणता आलं नाही. पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंना जागा सोडून माणसं बसली आणि तोंडावरचा दुपट्टा न काढता, एका हाताने तो उचलून धरत, जेवायला लागली. वाढणारीने पदर पुढे ओढून घेतला आणि माझ्या पत्रावळीवर वाढलं.

वांग्याची भाजी होती. तुळशीरामच्याच मळ्यातली.